गाडामालक : समस्त ग्रामस्थ, भारत

माझे दाजी सावळाराम आप्पा उभा जन्म माइकवर बोलत आले, पण ‘हरला’ हा शब्द त्यांच्या तोंडून एकदाही बाहेर पडलेला नाही. ते बैलगाडा शर्यतीचे निवेदक. आमच्याकडच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, गाडे एकेकटे पळतात. एक बारी सुटते, पुढं घोडी, मागं बैल, घड्याळ लागतं, सेकंद मोजतात, मग पुढची बारी. त्यामुळं कुणी कुणाकडून हरत नाही. नंबर येतो. पहिला येतो, दुसरा येतो, आणि ज्याचे बैल मध्येच उसाच्या रानात घुसतात त्याच्या वाट्याला ‘सहभागाबद्दल आभार’ येतात.

माझा मंडप आणि साउंडचा धंदा आहे. दाजींना मी आधी बहीण दिली, मग माइक दिला. दोन्हींपैकी काहीच परत आलेलं नाही. सणसवाडीला लागूनच आमचं गाव. नाव सांगत नाही, कारण आमची यात्रा कमिटी भांडकुदळ आहे.

घाटातले रिवाज दाजी घरातही पाळतात. घाटात बारीला तीन वेळा पुकारतात. तिसऱ्या पुकाऱ्यालाही गाडा आला नाही तर बारी बाद. घरी चहा हवा असला की दाजी ओट्यावरून म्हणणार, “धुरपदाबाई, मुक्काम पोस्ट सैपाकघर, पयला पुकारा.” अक्का तिसऱ्या पुकाऱ्याआधी कधी हलत नाही आणि तिसरा पुकारा दाजी कधी देत नाहीत, कारण तो दिला आणि ती आली नाही तर बारी बाद करावी लागेल. असा त्यांचा संसार चाललाय. पुतण्याच्या लग्नात नवरदेव बूट शोधत बसला होता, तर ह्यांनी त्याचा दुसरा पुकारा देऊन टाकला. मुलीकडच्यांचा जीव खालीवर झाला.

दुसरा रिवाज मानाचा. बारी सुटायच्या आधी गाडामालकाचं नाव, गाव आणि त्याच्या बैलांनी कुठल्या घाटात काय मान मिळवला, हे सगळं सांगायचं. मान सांगत असताना निवेदकाला कुणी अडवायचं नाही. अडवलं तर तो गाडामालकाचा अपमान. अशाच एका अपमानावरून आमच्या भागातली एक ठरलेली सोयरीक मोडली आणि मांडवाचं माझं भाडं बुडालं, म्हणून माझ्या चांगलं लक्षात आहे.

एका यात्रेत भर दुपारी दाजींचा आवाज फाटला. ‘घाटाचा राजा’ म्हणायला गेले आणि घशातून असं काही आलं की पळणारे बैल थांबून मागं बघायला लागले. शिरूरच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून तपासलं आणि सांगितलं, पुढच्या यात्रेपर्यंत ओरडायचं नाही, एकदाही नाही. यात्रा कमिटीचा अध्यक्ष विक्रम वयानं लहान पण बोलायला स्पष्ट. तो म्हणाला, “आप्पा, फुडच्या यात्रेला माइक तुमचाच. पण परत आवाज बसला, तर फुडं जुन्नरचा माणूस बगावा लागंल.” त्या दिवशी अक्का सांगत होती, ह्यांनी जेवताना भाकरीसुद्धा खुणेनं मागितली.

तर असा हा घसा सांभाळायचा, हे घरादाराला ठाऊक होतं. आणि नेमका तेव्हाच विक्रमला फुटबॉल आठवला.

त्याला निवडणुकीला उभं राहायचं होतं. सणसवाडीत कामगार फार, त्यातल्या बऱ्याच जणांची नावं आता इथल्याच मतदारयादीत, आणि बंगाल, झारखंड, केरळकडच्या पोरांना क्रिकेटपेक्षा फुटबॉल प्यारा. म्हणून विक्रमनं चषक ठेवला. कमिटीला यात्रेशिवाय दुसरं काही भरवता येत नाही. त्यांनी यात्रेचं पत्रकच घेतलं, ‘गाडा’ खोडून ‘संघ’ केलं आणि छापून टाकलं. सगळ्या संघांनी टोकन घ्यावे. तीन पुकाऱ्यांनंतर बारी बाद. घोडीला इजा झाल्यास कमिटी जबाबदार राहणार नाही. केरळच्या संघाचा कॅप्टन दोन दिवस विचारत होता की घोडी नक्की कुणी आणायची.

“फुटबॉलला वरडावं लागत न्हाई,” असं विक्रमनं दाजींना पटवलं. दाजींनी एक मॅच बघितली आणि त्यांना काही ती आवडली नाही. “दोगं एकाच टायमाला एकाच बॉलमागं? सेकंद कसं लावायचं?” पण माइक तो माइक. ते हळू आवाजात बोलायला लागले. आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलतात तसं.

त्यांचा जीव मात्र एका संघात अडकला होता. तपन महातो, पुरुलियाचा गडी, पत्र्याच्या कंपनीत प्रेसवर कामाला, दाजींच्या खोल्यांतल्या एकीत भाड्यानं राहतो. त्याची टीम पहिल्यांदाच कुठल्या तरी स्पर्धेत नाव घालत होती. मराठी तो अक्काकडून शिकला, त्यामुळं भाजीबाजारात भांडण्यापुरती त्याची मराठी अस्खलित आहे. एका संध्याकाळी ओट्यावर दाजींनी त्याला समोर बसवलं.

“आपल्या भारताच्या टीमचं मान सांग. माइकवर लागत्यात. आन् गाडामालक कोण?”

“मालिक कोई नहीं, आप्पा. फेडरेशन हाय.”

“फेडरेशन म्हंजी सोसायटी. सोसायटीचा वळू आसतो, शर्यतीचा बैल नसतो.”

“टीम तो देश का हाय. सबका.”

“मग तसं बोल की. समस्त ग्रामस्थ.”

घाटात एखादा गाडा साऱ्या गावानं वर्गणी काढून पळवला की मालक म्हणून ‘समस्त ग्रामस्थ’ असं पुकारतात. दाजींचा प्रश्न मिटला. पुढं तपननं मान सांगितले. एकोणीसशे एकावन्न, दिल्ली, एशियाड, सोनं. बासष्ट, जकार्ता, पुन्हा सोनं. सत्तर साली ब्राँझ.

“तिसरा नंबर. चालतंय. फुडं?”

“फिर तिरानवे. लाहोर. साफ कप.”

“आरं मधी?”

तपननं पायातली चप्पल सारखी केली. मी मोबाइलमध्ये बघत होतो, तिथंही काही सापडलं नाही. दाजींनी दोघांकडं पाहिलं आणि समजुतीनं म्हणाले, “बैल दमत्यात. आन् वर्ल्ड कपाचं काय?”

“एक बार बुलाया था,” तपन म्हणाला. “पचास में. ब्राझील. नहीं गए.”

हे दाजींच्या जिव्हारी लागलं. लांबचा प्रवास, खर्च, अशी कारणं लोक पुष्कळ सांगतात. मी ती वाचूनही दाखवली. दाजींना एकच जाणून घ्यायचं होतं.

“किती पुकारं झालं?”

“दाजी, तो वर्ल्ड कप आहे, घाट नाही.”

“टोकन व्हतं का न्हवतं? बोलावलं व्हतं ना? मग गाडा वाटंत आसंल तवा तिसरा पुकारा दाबून धरायचा आसतो, मेव्हणं. त्या ब्राझीलच्या माइकवाल्याला अक्कल न्हवती.”

मी म्हटलं, वाटेत कुणी नव्हतंच. त्यांनी ऐकून घेतलं नाही. नंतर आठवडाभर त्यांनी त्या न पाहिलेल्या, बहुधा नसलेल्या माइकवाल्याला शिव्या घातल्या. त्याही डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळू आवाजात.

तपनची टीम फायनलला गेली. समोर शिरूरच्या पोरांचा संघ. आणि फायनलच्या दिवशी सकाळीच काँट्रॅक्टरनं ह्या सगळ्या गड्यांना पाटसला नेलं, कुठलं तरी मशीन उतरवायला. जेवणाआधी सोडतो म्हणाला. काँट्रॅक्टरचं घड्याळ आणि आपलं घड्याळ एक नसतं, हे त्या पोरांना माहीत नव्हतं असं नाही, पण नाही म्हणायची सोय नव्हती. परत निघाले तर न्हावऱ्याच्या अलीकडं उसाची ट्रॉली उलटलेली. हंगामात हे रोजचंच. तपनचा फोन मला आला. मागून लोक ऊस ओढून खात असल्याचे आवाज येत होते.

इकडं मैदान माणसांनी भरलेलं. शिरूरची पोरं गुडघे वर-खाली करून करून घामाघूम झालेली. दाजींनी हळूच पहिला पुकारा दिला. थोड्या वेळानं हळूच दुसरा दिला. शिरूरचा कॅप्टन टेबलाशी आला आणि विक्रमला म्हणाला, “बाप दाखव न्हाईतर श्राद्ध कर. टीम आणा, न्हाईतर कप द्या.” त्याचंही चुकत नव्हतं. विक्रमला पुढं तीन लग्नांना हजेरी लावायची होती. तो म्हणाला, “आप्पा, घ्या तिसरा आन् मिटवा.”

दाजींनी माइकवर तळहात ठेवला आणि मला विचारलं, “कुठवर आल्यात?”

“न्हावऱ्यातच आहेत. आत्ता रस्ता सुटलाय.”

दाजी खुर्चीवरून उठले. मला लगेच कळलं. मान बसून सांगत नाहीत. मी त्यांचा सदरा धरला. म्हटलं, “दाजी, घसा. यात्रा तोंडावर आलीय. माइक जाईल हातचा.”

“मेव्हणं,” ते म्हणाले, “व्हॉल्यूम द्या.”

मी चिडलो होतो, पण व्हॉल्यूम दिला. मानही काही दबक्या आवाजात सांगता येत नाही. दबक्या आवाजात सांगितला की तो मान राहत नाही, चहाडी होते.

“तिसरा पुकारा देण्याआधी,” दाजींचा खरा आवाज मैदानावर गेला आणि मागच्या टपरीवरची कुत्रीसुद्धा उठून बसली, “फुटबॉलच्या घाटातला मानाचा गाडा. गाडामालक, समस्त ग्रामस्थ, भारत. मुक्काम पोस्ट, काश्मीर ते कन्याकुमारी. यांचे मान ऐका.”

आणि मग त्यांनी एकावन्न सालापासून सुरुवात केली. दिल्लीचा घाट, समोर इराण, एकच गोल, पहिला नंबर. बासष्टला जकार्ता, समोर कोरिया. डोक्याला टाके घातलेला गडी मागं खेळायचा, तो पुढं आणला आणि त्यानं त्याच डोक्यानं गोल केला. हे दाजींनी अशा काही रसात सांगितलं, की शिरूरचा गोलकीपर डोकं चाचपायला लागला. सत्तरच्या ब्राँझला त्यांनी ‘मानाचा तिसरा नंबर’ असं सजवलं. मग सत्तर ते त्र्याण्णव. ही तेवीस वर्षं त्यांनी कशी पार केली ते मी आजही लोकांना सांगतो. ते म्हणाले, “ह्या काळात बैलांना वैरण कमी पडली, त्याला आपुन समस्त ग्रामस्थ जबाबदार हावोत,” आणि माना खाली घालून सगळ्यांनी क्षणभर शांत राहावं अशी विनंती केली. शेकडो माणसं राहिली.

विक्रम उठला. दाजी पुढं बोलतच होते. “त्र्याण्णव, लाहोर. सत्त्याण्णव, काठमांडू. नव्व्याण्णव, गोवा, लागोपाठ दुसऱ्यांदा साफ कप...” लोकांचे मोबाइल वर झालेले होते. भारताचे मान चालू असताना माइक ओढणारा उमेदवार, असा व्हिडिओ निघाला असता तर विक्रमची निवडणूक फॉर्म भरायच्या आधीच संपली असती. तो उभ्याचा उभा राहिला आणि हात कुठं ठेवावेत ते न कळल्यामुळं त्यानं टाळ्या वाजवल्या.

दोन हजार पाच, कराची. सात, नेहरू कप. आठ, चॅलेंज कप. नऊला एकाच वर्षात दोन मान, ढाक्याला साफ कप आणि दिल्लीला नेहरू कप. अकरा, पुन्हा साफ कप. बारा, समोर कॅमेरून. इथं दाजींना पेनल्टी समजावून सांगायची होती. “हितं मातूर एकेकानं पळून नंबर काढला. फुटबॉलमदली हीच येक खरी शर्यत,” असं म्हणून त्यांनी पेनल्टीचं भरभरून कौतुक केलं. मग पुढचा साफ कप, तिथं तिरुवनंतपुरम ह्या शब्दाला ते तीनदा अडखळले आणि तीनदा पहिल्यापासून सुरू झाले. ते अडखळणं खरं होतं की केलेलं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. अठरा, मुंबई. एकवीस, मालदीव. तेवीस, भुवनेश्वर. तेवीस, बंगळुरू, नववा साफ कप.

आणि मान संपले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आवाज तोवर खरखरायला लागला होता. माझ्या फोनवर तपनचा मेसेज आला, शिक्रापूर. म्हणजे पुढचंच गाव, पण तिथल्या चौकात रविवारी अडकलं तर दिवस जातो.

एक वर्ल्ड कप खोटा ठोकून दिला असता तर आणखी बराच वेळ निघाला असता. मी तसं कानात सुचवलंही. दाजींनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांच्या मांडवात चोरी करताना सापडलोय. खोटा मान ते सांगत नाहीत. त्यांनी खराच सांगितला. “पन्नास साली ब्राझीलला बोलावणं व्हतं. बारी गेली न्हाई. तिथं तिसरा पुकारा कसा दिला, कुणी दिला, म्हाईत न्हाई. हितं कसा देत्यात ते बगा.”

मग त्यांनी छाती भरून घेतली आणि ‘तिसरा’ म्हणायला सुरुवात केली.

‘तिस’ झालं. ‘रा’ सुरू झाला. ‘रा’ चालू राहिला. दाजींचे डोळे मोठे झाले, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मानेच्या शिरा वर आल्या, पण ‘रा’ चालूच. पुकारा पुरा होत नाही तोवर बारी बाद होत नाही, ह्यावर कमिटीत दुमत नव्हतं. शिरूरचा कॅप्टन तोंड उघडं टाकून बघत राहिला. अक्का बायकांच्या बाजूनं धावत आली आणि पाठ चोळायला लागली. मी काय करणार? माझ्या हातात एकच गोष्ट होती. मी मशीनवरचं इकोचं बटण टोकापर्यंत फिरवलं.

दाजींचा श्वास संपला. शेवटी घशातून काहीतरी तुटल्यासारखा आवाज आला आणि ते खाली बसले. पण कर्ण्यांमधून ‘रा... रा... रा...’ येतच होतं.

“झाला पुकारा,” विक्रम म्हणाला.

“साउंड येतोय अजून,” मी म्हणालो.

“त्यो मशीनचा हाय.”

“मशीन भाड्यानं कमिटीनं घेतलंय. म्हणजे कमिटीचाच पुकारा.”

ह्यावर विक्रम विचार करत होता, तेवढ्यात टेम्पो मैदानात घुसला. मागं अकरा जण उभे, तोंडाला ग्रीस, दोघांच्या हातात उसाची कांडकी. लोकांनी एवढा गलका केला की इको त्यात बुडाला.

तपनची टीम शून्य-दोननं मागं पडली आणि तशीच राहिली. दिवसभर लोखंड उचलून माणूस किती पळणार? निकाल मला सांगावा लागला, कारण दाजींच्या तोंडून वारा सोडून काही येत नव्हतं. माझा आवाज म्हणजे मांडवाच्या मागून ‘पाणी आणा’ म्हणण्याच्या लायकीचा. मी ‘पराभूत’ म्हणणार तोच दाजींनी माझ्या पायावर पाय दिला. मी म्हणालो, दुसरा नंबर. तपनच्या पोरांनी जिंकल्यासारखा गुलाल उधळला.

डॉक्टरांनी दाजींना पाहिलं आणि रागावून तोंडच फिरवलं. दोन महिने अवाक्षर नाही.

म्हणजे यात्रा गेली. जुन्नरच्या माणसाच्या आधीच ठरलेल्या तारखा होत्या, तो मिळाला नाही. मग गावातला कुणी उभा करावा, तर वरच्या आळीचं नाव निघालं की खालची आळी म्हणायची, तो आपल्या भावकीच्या बाऱ्या मोठ्यानं पुकारील. खालच्या आळीचं निघालं की वरची आळी मीटिंगमधून उठायची. माझं नाव निघालं तेव्हा दोन्ही आळ्या एकत्र उठल्या. शेवटी दाजींनी काहीही न बोलता तपनला हाताला धरून मीटिंगमध्ये आणून बसवलं. अख्ख्या गावात भावकी नसलेला, सोयरीक नसलेला, कुणाच्या बांधाला बांध नसलेला तो एकटाच माणूस होता. विक्रम म्हणाला, “करा मग.”

यात्रेच्या दिवशी दाजी तपनच्या मागं स्टुलावर बसून कानात कुजबुजत होते आणि तपन बोलत होता. ‘श्री’ आणि ‘राव’ ह्यांचे उच्चार त्यानं पार बंगाली करून टाकले. पहिल्या दोन गाडामालकांनी एकमेकांकडं बघितलं. तिसऱ्याचे मान त्यानं एकही न चुकता, एकही न वाढवता म्हटले, तेव्हा म्हाताऱ्यांनी भंडारा उधळला. बारी सुटताना म्हणायचं “झाली... भिर्रर्र” तर त्यानं असं ओढलं की घोडी बिथरली.

दुपारनंतर दाजींनी कुजबुजायचं थांबवलं. तपनला गरज उरली नव्हती. ते स्टूल उचलून माझ्या मशीनपाशी येऊन बसले आणि घाटाकडं बघत राहिले. माझ्या मनात आलं, की ह्या माणसानं आजवर एक अख्खी बारी डोळे भरून पाहिलीच नसेल. सारा जन्म ह्यांचं लक्ष टोकनावर आणि घड्याळावर. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं. अक्कालाही वाटलं असावं. ती न पुकारता चहा घेऊन आली.

दोन महिने सरले. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या संध्याकाळी आम्ही सगळे ओट्यावर जमलो, पहिला शब्द काय निघतो ते ऐकायला. अक्कानं देवापुढं दिवा लावला होता. तपन शिफ्ट बदलून आला होता. दाजींनी घसा खाकरला. आवाज आला, पण बारीक, जुन्या दाराच्या कडीसारखा. घाटात तो परत कधी चालणार नाही, हे तिथल्या सगळ्यांना त्याच क्षणी कळलं, दाजींनाही.

ते तपनला म्हणाले, “फुडच्या साली ‘भिर्रर्र’ म्हणताना येवढं ताणू नगंस. बैल दचकत्यात.”

मला राग आला. दोन महिन्यांनी तोंड उघडलं आणि पोराच्या चुका काढल्या. पण अक्का पदरानं डोळे पुसत होती आणि तपन त्यांच्या पाया पडत होता. ‘फुडच्या साली’ हे शब्द माझ्या ध्यानात मागाहून आले.